शंभर दिवस हिरवा ठिपका

सकाळी अकरा वाजता आमच्या वीज कंपनीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब लोक खुर्च्यांवर, कारकून भिंतीला टेकून, आणि उरलेले ग्राहक दारात एकमेकांच्या खांद्यावरून माना उंच करून उभे. पडदे ओढून अंधार केला होता आणि समोर भिंतभर स्क्रीनवर अख्ख्या शहराचा नकाशा हिरवागार चमकत होता. प्रत्येक घराचा एक ठिपका. हिरवा म्हणजे वीज आहे, लाल म्हणजे गेली. गेल्या शंभर दिवसांत त्या नकाशावर एकही लाल ठिपका उमटला नव्हता, आणि आज त्याचाच सोहळा होता.

एक निवृत्त गृहस्थ माइकवर आले. "आमच्या गल्लीत तीन दिवस वीज नाही," ते म्हणाले, "पण इथं येऊन आपलं घर हिरवं पाहिलं आणि फार बरं वाटलं."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. नोकरी आहे.

मी याच हॉलच्या कोपऱ्यातल्या तक्रार खिडकीवर बसते, बावीस वर्षं झाली. पूर्वी आमच्याकडे तीन वेगळे कारभार होते. नकाशावाल्यांकडे खांब आणि तारा, माझ्याकडे तक्रारी, बिलवाल्यांकडे ग्राहक. तिघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. मग आले जोडणीबुवा. हे नाव मी ठेवलेलं, बाकी सगळे त्यांना 'सर' म्हणतात. तिन्ही सॉफ्टवेअर जोडून एक करतो म्हणाले, आणि केलीसुद्धा. त्या दिवसापासून शहरातली वीज जायची थांबली. म्हणजे, स्क्रीनवर थांबली.

बुवा बोलायला उभे राहिले की डोळे मिटून घेतात. "नकाशा हे शरीर," ते म्हणाले. "तक्रार ही वेदना. बिल हे कर्म. तिन्ही एकरूप झाली, की वेदना उरतच नाही."

मोठ्या साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"पण सर, काही घरांत अंधार असतो, त्याचं काय?" दारातून कुणीतरी विचारलं.

"त्यांची वीज गेलेली नसते. त्यांची नोंद अशुद्ध असते."

त्यासाठी शुद्धी अर्ज होता, एक्केचाळीस रकान्यांचा. तो घ्यायला रोज रांग लागायची. एका आजींनी तर मला विचारलं होतं, की बाई, हा उपाशीपोटी भरायचा का. मी कपाळाला हात लावला, पण अर्ज दिला.

एवढ्यात दारातली गर्दी बाजूला सारत माझी नणंद आत आली. तिची शहराच्या कडेला अंडी उबवण्याची शेड आहे. सकाळी सहापासून तिच्याकडे वीज नव्हती आणि यंत्रात अठरा दिवसांची बाराशे अंडी होती. अजून तीन दिवसांनी पिल्लं बाहेर यायची. तिनं सकाळपासून मला तीनदा फोन केला होता, मी तिन्ही वेळा तक्रार टाईप केली होती आणि तिन्ही वेळा ती स्क्रीनवरून पुसली गेली होती. मला वाटलं, पोचली असेल.

तिच्या काखेत गोधडीत गुंडाळलेली अंड्यांची टोपली होती. "वहिनी, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून ठेवून हात भाजलेत माझे. बारानंतर काही खरं नाही. वायरमन कुठंय?"

वायरमन काका शिडीसकट व्हरांड्यातच उभे होते. "मी ऑफिसला येताना बघून आलो, ताई. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडालाय. दहा मिनिटांचं काम आहे. पण कामाचा कागद निघाल्याशिवाय मी हात लावणार नाही. मी वर असताना इकडून कुणी लाइन चालू केली तर मी खलास. आणि कागद त्या कॉम्प्युटरमधून निघतो."

"मग काढा की."

"तो म्हणतो, बिघाडच नाही."

नणंद सरळ बुवांपुढे जाऊन उभी राहिली. बुवांनी तिचा ग्राहक क्रमांक विचारला, बोट फिरवलं, आणि नकाशावर तिच्या शेडचा ठिपका मोठा झाला. हिरवाकंच.

"बघा बाई. आपल्याकडे वीज आहे."

"मग चला माझ्याबरोबर, दाखवा कुठंय."

"घरातलं ते स्थानिक सत्य असतं," बुवा शांतपणे म्हणाले. "इथलं सत्य समग्र आहे."

"समग्र सत्यावर अंडी उबतात का हो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मोठे साहेब कावले. "बाई, शंभर दिवसांची साधना आहे ही. शंका घेऊ नका, अर्ज घ्या."

माझी नणंद शाळेत फार शिकली नाही, पण तिचं काम असं आहे की तिला कशावरच आंधळा विश्वास ठेवता येत नाही. अंडं बाहेरून कितीही चांगलं दिसो, ती ते बॅटरीच्या उजेडासमोर धरते, आत जीव आहे का बघते, मगच ठेवते. तिनं स्क्रीनकडे तसंच निरखून पाहिलं.

"या हॉलचा पण ठिपका आहे का यात?"

"अर्थात," बुवांनी दाखवला. हिरवा.

"वहिनी, इथला मेन स्विच कुठंय?"

बावीस वर्षांची नोकरी, घराचा हप्ता, साहेबांचे डोळे. आणि तिच्या काखेतली ती गोधडी. मी बोट दाखवलं. तिनं जाऊन खटका खाली ओढला.

पंखे थांबले. माइक मेला. एसी एक उसासा टाकून बंद पडला. फक्त स्क्रीन आणि माझा कोपऱ्यातला कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिले, आणि काळोख्या हॉलमध्ये आमचा ठिपका तसाच हिरवा चमकत राहिला.

मला वाटलं, आता लोकांचे डोळे उघडतील. छे. मागून आवाज आला, "बघा, वीज गेली तरी आपली गेली नाही." आणि टाळ्या. साहेब घाम पुसत म्हणाले, "हिरवा दाखवतोय म्हणजे कुठंतरी असणारच."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी कॉम्प्युटरवर बसले आणि सगळ्यांदेखत तक्रार टाईप केली : वीज कंपनीचा हॉल, वीज गेली आहे. बटण दाबलं. करड्या अक्षरांची बारीक ओळ क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. शंभर दिवस ती तशीच चमकत होती आणि मी एकदाही वाचली नव्हती.

"पुन्हा दाबा," नणंद म्हणाली. या वेळी तिनं मोबाइलनं फोटो काढला आणि मोठा करून मोठ्यानं वाचला. "खांब क्रमांक सापडला नाही. तक्रार निकाली."



वायरमन काकांनी शिडी भिंतीला लावली. "असं होय. बिलवाल्यांना घर माहीत, नकाशावाल्यांना खांब माहीत. पण कुठलं घर कुठल्या खांबावर, हे कुणी लिहिलंय का?"

नकाशावाल्यांनी बिलवाल्यांकडे पाहिलं, बिलवाल्यांनी नकाशावाल्यांकडे, आणि मग सगळ्यांनी बुवांकडे.

"ते दुसऱ्या टप्प्यात होतं," बुवा म्हणाले. डोळे आता उघडे होते.

म्हणजे चमत्कार एवढाच होता. माझी तक्रार आली की यंत्र तिचा खांब शोधायचं. खांब सापडायचा नाही. मग ती फाडून टाकायचं आणि ठिपका हिरवा ठेवायचं. हिरव्याचा अर्थ वीज आहे असा नव्हताच. तक्रार पोचली नाही, एवढाच होता.

"मग शंभर दिवस तुम्ही करत काय होता?" साहेबांनी वायरमनला विचारलं.

"कॅरम, साहेब."

साहेबांनी सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर हातानं कामाचा कागद लिहिला, उपकेंद्राला फोन करून लाइन बंद ठेवायला सांगितली, आणि काका सायकलवरून सुटले. बारा वाजून वीस मिनिटांनी नणंदेच्या शेडमध्ये वीज आली.

तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिच्याकडे गेले. पिल्लांचा एकच कालवा चालला होता. पण बाजूच्या घमेल्यात न फुटलेली अंडी होती, तीनशेच्या वर. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. मला मात्र त्या घमेल्याकडे बघवेना. शंभर दिवस बटण मी दाबलं होतं. समोरची एक ओळ वाचायला मला कुणी अडवलं होतं?

आता आम्ही वह्या घेऊन गल्लोगल्ली फिरतोय. घर बघायचं, तार कुठल्या खांबाला जाते ते बघायचं, लिहायचं. रोजची शे-दीडशे घरं होतात. नकाशावर लाल ठिपके दिसू लागलेत, आणि ते निवृत्त गृहस्थ काल खिडकीवर येऊन रागावले, की पूर्वीचं सॉफ्टवेअर किती छान होतं, आमचं घर लाल केलंत तुम्ही.

"काका, तुमच्याकडे वीज आहे का?" मी विचारलं.

"नाही ना. पण..."

"मग लाल बरोबर आहे. दुपारपर्यंत माणूस येईल."

तुम्हालाही एवढंच सांगते. समोरचा माणूस कितीही गोड बोलो, भिंत कितीही चमको, घरी जाऊन बटण दाबून बघा. दिवा लागला नाही तर वीज नाही. तुमची श्रद्धा कमी नाही, तुमची नोंद पापी नाही. फोन करा, आणि मी काय लिहून घेतलं ते मला वाचून दाखवायला लावा.