निर्जंतुकची अकरा मिनिटं

आमच्या बँडचं नाव निर्जंतुक. इस्पितळाच्या लाँड्रीत धुतलेल्या प्रत्येक चादरीवर हा शिक्का बसतो आणि तो मारणारा मीच. आम्ही डेथ मेटल वाजवतो. ज्यांना तो गोंगाट वाटतो त्यांनी कानात बोळे घालून घरी बसावं. मी समजूत काढत बसणार नाही.

बँडमध्ये आम्ही तिघं. दादा गिटारवर, वहिनी ड्रमवर आणि मी गुरगुरतो. तिघंही लाँड्रीतच कामाला. जेवणाच्या सुट्टीत धुलाईच्या मोठ्या मशीनमागे सराव करायचा, कारण ते फिरत असताना मागे बॉम्ब फुटला तरी मुकादमाला पत्ता लागत नाही. गाण्याला शब्द सुचेनात, तेव्हा मी भिंतीवरची पाटीच गुरगुरायला लागलो. "रक्ताचे डाग थंड पाण्यात भिजवा! गरम पाणी वापरू नये!"

आईने ऐकलं आणि म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कामाचं काही बोललास."

दादाने फोनवर रेकॉर्ड करून गाणं नेटवर टाकलं आणि कुठकुठली माणसं वेडी झाली. अकरा मिनिटांचं गाणं. गोगलगायीसारखं सुरू होतं, मग हळूहळू पिसाळतं आणि एकदम धाडकन थांबतं. काय ती रचना, म्हणे! लोकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. आम्हीही फुगलो, खोटं कशाला बोलू. मग एका आयोजकाने कार्यक्रमाला बोलावलं. बंद पडलेल्या सिनेमागृहाचं तळघर, रविवारची दुपार, तीनशे माणसं.

सकाळी तिथे वाजवून बघायला बसलो तर वहिनी पहिल्या ठोक्यापासून सुसाट. पुन्हा केलं, पुन्हा सुसाट. दादाची बोटं मागे राहिली, मला दम लागला. तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली. रचना कसली डोंबलाची! दोन वर्षं वहिनी मशीनच्या चालीवर वाजवत होती. पाणी भरताना ते हळू फिरतं, पिळताना जोरात आणि अकरा मिनिटांनी थांबतं. इथे मशीनच नव्हतं.

आयोजक गोड हसला. "ताई, आज तुम्ही आराम करा. आमचा ड्रमवाला बसेल. घड्याळासारखा हात आहे त्याचा."

तो घड्याळवाला हातमोजे चढवून तयारच होता. दादाने गिटारची तार उगाच पिळली. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे गं," तो पुटपुटला.

वहिनीने काठ्या मांडीवर ठेवल्या. तिचे डोळे भरलेले दिसले आणि माझं डोकंच फिरलं.

"वहिनी नाही तर मी नाही," मी आयोजकाला म्हणालो. "या तळघरात मग बटाटे भरा."

"आणि गाणं पडलं तर?"

"पडू दे. आमचं आहे."

वहिनीने नाक पुसलं. "भावजी, मला हळू येतच नाही हो. ते मशीन मला धरून ठेवायचं."

"मग सोड ना! आम्ही येतो मागून फरफटत."

दुपारी अकरा मिनिटांचं गाणं चार मिनिटांत संपलं. दादाची एक तार तुटली. मी अर्धी पाटी गिळली, रक्ताचे डाग कुठे आणि पाणी कुठे याचा मेळच राहिला नाही. तळघर चिडीचूप. मेलो, मी म्हटलं.

मग तीनशे माणसं एकदम ओरडली, "पुन्हा!"

पुन्हा वाजवलं, साडेतीन मिनिटांत. तिसऱ्यांदा त्याहून कमी. घड्याळवाला हातमोजे फेकून पहिल्या रांगेत मान गरगर फिरवत होता. आयोजक धावत आला, पुढच्या महिन्याची तारीख घेऊनच.

"ताई, तुम्हीच बसायचं हं!"

वहिनीने घामेजलेले केस मागे सारले आणि दादाकडे पाहिलं. "मी बसते हो. पण गिटारवाला फार सावकाश आहे. दुसरा बघावा म्हणते, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

दादाने तिथल्या तिथे कान पकडले. महिनाभर तो घरी, कामावर, जेवताना, मिळेल तिथे बोटं पळवत होता.