अंगठ्याएवढा दोष

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. काच दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात. गप्पा मारता मारता पाहुण्याच्या नाकावरचा चष्मा काढून कधी पुसायला लागतील, नेम नाही. अशा माणसाला मी प्रयोगशाळेत एकटं सोडायलाच नको होतं.

केस पिकायला लागल्यावर मी पीएचडीला बसले आणि त्या दिवशी तोंडी परीक्षा होती. विषय द्रवस्फटिक, म्हणजे टीव्हीच्या पडद्यात असतो तो. त्याचे रेणू डबीतल्या काड्यांसारखे एका दिशेने पडून असतात. कुठेतरी मात्र त्यांचं आपसात जमत नाही आणि एका बिंदूभोवती जो तो आपलं तोंड वेगळीकडे करून बसतो. ह्याला दोष म्हणायचं. त्यातून गेलेला प्रकाश पीळ घेऊन बाहेर येतो आणि पडद्यावर ठिपक्याऐवजी कडं उमटतं, मधोमध काळोख. ते कडं परीक्षकांना दिसलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

दोन काचा वाळत ठेवून मी कागद आणायला गेले. सोबत आलेल्या ह्यांना म्हटलं, जरा बसा. परत येऊन काचांमध्ये द्रवस्फटिक भरला, लेझर लावला, तर पडद्यावर नुसता गोल ठिपका. मी ह्यांच्याकडे वळले.

"अहो, काचांना हात लावलात?"

"डाग होते गं. ओरखडा नको म्हणून एकाच दिशेने पुसल्या."

संपलं. काच ज्या दिशेने पुसाल त्याच दिशेला नंतर भरलेले रेणू वळतात. ह्यांनी अख्ख्या काचेवर सगळ्यांना शिस्त लावली होती. मी भडकले होते, पण ह्यांचं तोंड एवढंसं झालेलं बघून आवाज खाली आणला. विचारलं, काच धरली कुठे होती? ह्यांनी कोपऱ्यावर अंगठा ठेवून दाखवलं. तेवढी जागा पुसायची राहिली होती. मी प्रकाश तिकडे सरकवला आणि कडं उमटलं. जीव भांड्यात पडतोय तोच परीक्षक आत आले.

त्यांनी बराच वेळ कडं न्याहाळलं. "इतका सुटा दोष? कसा तयार केलात?"

हे मागून मानेने नको नको म्हणत होते.

"मी नाही, ह्यांनी केला," मी म्हटलं. "बाकीचे पुसून टाकले, हा अंगठ्याखाली राहिला."

परीक्षक हसले. प्रबंधात तसं लिहा, मग सही करतो, म्हणाले.

लिहिलं. ह्यांचे आभारही मानले. ह्यांच्यावर माझा जीव आहे, हे लेखी द्यायची वेळ इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आली.