पार्टीच्या वतीने मनोज

काल्हेरच्या केसरीनाथने जमीन गोदामाला दिली, तेव्हापासून तो स्वतःच्या तोंडाने बोलेनासाच झाला. जमिनीचा भाव मनोज दलालाने केला, बंगल्याचा रंग मनोजने ठरवला, मुलीची सोयरीकही मनोजनेच जमवली. केसरीनाथ शेजारी जाड चेन घालून बसायचा आणि मान हलवायचा. त्यामुळे पन्नाशीत भलतीच अडचण आली तेव्हाही त्याने मनोजलाच सोबत घेतलं. असल्या कामाला दलाल नेणारा माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नसेल!

घाईही होती. चार महिने नवरा जवळ येत नाही, तेव्हा पैशामागून दुसरी बाई आली असणार, असं त्याच्या बायकोने, गोदूने, ठरवून टाकलं होतं. रविवारी ती मानकोलीला माहेरी निघणार होती, कायमची. केसरीनाथला धडकीच भरली होती.

भिवंडीत डॉक्टर चौघुल्यांपुढे मनोजने डायरी उघडली.

"डॉक्टर, पार्टीचा काम चार म्हयने बंद हाय."

"कसलं काम?"

"रातचा."

केसरीनाथने मान हलवली.

डॉक्टरांना उमगलं. "बरं. सकाळी जाग येते तेव्हा काही हालचाल असते का?"

"पार्टीला इचारून सांगतो," मनोज म्हणाला. "पन गॅरंटी किती वर्सांची? आन् पजेशन कवा?"

डॉक्टरांनी त्याला दंडाला धरून बाहेर बसवलं आणि दार लावलं. मग केसरीनाथचं प्रेशर मोजलं, बोट टोचलं. प्रेशर चढलेलं होतं आणि साखर तीनशेच्या वर निघाली.

केसरीनाथ पंख्याकडे बघत म्हणाला, "एका गोलीत लग्नाच्या वक्तासारका होईल ना?"

"नाही. आधी साखर आणि प्रेशर ताब्यात आणू, छाती तपासू, मग गोळी. तीही पहिल्याच दिवशी लागू पडेल असं नाही. गोळी म्हणजे पॉवरलूमचं बटण नव्हे, दाबलं की खडखडाट सुरू! मनात ओढ लागते, बायकोची साथ लागते. तिला सांगितलंत?"

केसरीनाथने दाराकडे पाहिलं. "मनोज सांगंल..."

"केसरीनाथ!"

घरी गोदू ट्रंकेला कुलूप घालत होती. केसरीनाथ उंबऱ्यातूनच एका दमात बोलून गेला, "गोदू, बाई न्हाय. दुसरी न्हाय, तिसरी न्हाय. माजाच चालत न्हाय. साखर हाय. मना लाज वाटली."

गोदू ट्रंकेवरच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती पोट धरून हसायला लागली.

"मेला तो मनोज! दोन म्हयने त्याला तुमच्या मागं लावलाय, बाई हुडकायला. आज सकाली बोल्ला, तपास चालू हाय!"

केसरीनाथने मोबाईल काढला. "मनोज, तू सुटलास. पार्ट्या थेट बोलल्या."

गोदूने ट्रंक उघडून लुगडी परत कपाटात ठेवायला घेतली. केसरीनाथ तिच्यामागे अवघडून उभा राहिला.

"डॉक्टर बोल्ला, टाइम लागंल."

"लागू दे," गोदू म्हणाली. "मी कुठं जाते?"