बायडाबाईंची रांगोळी

"अवो ताई, फोटू हाय की! मग मशिनला कापाय का येत न्हाय?" गुंडूमामांनी मोबाइल पुन्हा भाग्यश्रीच्या नाकापुढं धरला.

"फोटोत नुसते ठिपके असतात, मामा. मशिनला रेघ लागते. हितनं निघाली, तिथं संपली, अशी सलग."

उद्यमनगरातल्या लेझर कटिंगच्या कारखान्यात भाग्यश्री डिझाइनचं काम बघायची. आधी लग्नपत्रिका, मग फ्लेक्स, आता लोखंडी फाटकांची नक्षी. लोकांनी आणलेलं वाकडंतिकडं सरळ करून द्यायचं, यातच तिची इतकी वर्षं गेली होती, आणि त्यात तिचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

मामा राधानगरीकडचे. नव्या घराच्या फाटकावर त्यांना बायकोची रांगोळी हवी होती. सुनेनं मागं कधीतरी दिवाळीत त्या रांगोळीचा फोटो काढून ठेवला होता. बायको, बायडाबाई, शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवरच असायचा.

भाग्यश्रीनं फोटो कॉम्प्युटरवर घेऊन ऑटो ट्रेस दिला, म्हणजे रेघा कॉम्प्युटरनंच शोधून काढायच्या. सारवलेल्या अंगणातला कण न् कण वेगळा आकार होऊन बसला. पाकळी निवडायला जावं तर नुसता भुसा हाती येत होता. तिनं फोटो काळापांढरा केला, बारीक ठिपके पुसले. भुसा गेला, पण त्याच्याबरोबर रांगोळीच्या बारीक रेघाही जागोजाग तुटल्या.

मालक सम्मेद मागं येऊन उभा राहिला. "ताई, कशाला डोकं लावताय? एक पाकळी काढा आणि फिरवून फिरवून चिकटवा."

तिनं तसंच केलं. बघता बघता स्क्रीनवर फूल उमटलं, सगळ्या पाकळ्या एकसारख्या.

"आत्ता कसं!" मामा खूश झाले. "छापल्यागत दिसतंय. बघ गं."

बायडाबाईंनी बराच वेळ बघितलं. त्यांची जीभ जरा जड झाली होती.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर ही माजी न्हवं."

"आता त्यात काय फरक हाय?" मामा ओशाळले.

"माजी उंबऱ्याकडची पाकळी मोठी असत्या. तितं बसूनच काडत हुते न्हवं मी. पल्याडच्या बारीक. हात पोचंल तेवड्या."

भाग्यश्रीनं फोटो पुन्हा पाहिला. मघाशी पाकळ्या लहानमोठ्या दिसल्या तेव्हा तिला वाटलं होतं, मोबाइल तिरका धरला असेल. नवं फूल तिनं पुसून टाकलं, फोटो फिकट करून खाली अंथरला आणि त्यावरून एकेक रेघ हातानं ओढायला घेतली.

"ताई, पेठ वडगावची जाळी आज जायचीय," सम्मेद म्हणाला.

"जाईल की."

बायडाबाईंनी डाव्या हातानं स्टूल पुढं ओढलं. "हितं वाईच खाली घे, पोरी." सवयीनं भाग्यश्री एक वळण गुळगुळीत करायला गेली आणि थांबली. ते तिनं होतं तसं ठेवलं.

"मावशी, हितं मधी रेघ थोडी सोडायला लागंल. न्हायतर आतला पत्रा गळून पडंल."

"सोड की. चिमटीतली रांगोळी संपली की मीबी सोडतच हुते."

दुपारनंतर पत्रा मशीनवरून उतरला. कडा घासून पोरांनी तो भिंतीला टेकवून ठेवला. मामा बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते. भाग्यश्री स्क्रीनवर वडगावची जाळी उघडून बसली होती, तरी तिची नजर दाराकडं गेली.

बायडाबाई पत्र्यापुढं उभ्या होत्या. डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताचं मनगट धरलं होतं आणि त्याचं बोट कापलेल्या रेघेवरून फिरवत होत्या. उंबऱ्याकडच्या मोठ्या पाकळीपासून त्यांनी सुरुवात केली होती.

"चल गं, टेम्पो थांबलाय," मामांनी बाहेरून हाक दिली.

"थांबा वाईच," बायडाबाई मागं न बघता म्हणाल्या. "पल्याडच्या दोन ऱ्हायल्यात."