दाराजवळचा खड्डा

लाकडी जमिनी घासून गुळगुळीत करणाऱ्या या माणसाला सगळे भुसाशेठ म्हणत. शेठपणा नावापुरताच, भुसा मात्र खराखुरा: भुवयांत, कानांत, खिशांत. लग्नाचं वय त्याने असंच घासण्यात घालवलं होतं. जोडीला थोरली बहीण. ताईची जीभ खरखरीत पॉलिश पेपरसारखी, पण भावावर भारी जीव.

दोघांकडे मशिनं तीन. सगळ्यात मोठ्याच्या पोटाखाली पेपर गुंडाळलेला ढोल. तो गरगर फिरत लाकडाचा वरचा थर खरवडून काढतो. अंगाने जड, म्हणून त्याचं नाव म्हैस. म्हैस भिंतीला चिकटून चालू शकत नाही, तेव्हा कडेकडेने खेकडा चालवायचा. त्याला गोल तबकडी असते आणि तो आडवा आडवा सरकतो. कोपऱ्यात खेकडाही हात टेकतो, तिथे तिकोनी तोंडाची इस्त्री घ्यायची. म्हैस भावाची, बाकी दोन्ही ताईची.

म्हशीचा कायदा एकच. ढोल जमिनीला टेकलेला असताना उभं राहायचं नाही. चालत राहायचं, वळताना ढोल उचलायचा. जरा थांबलात की ती जागच्या जागी खात बसते आणि लाकडात खड्डा पाडते. नवशिके पाडतातच. भुसाशेठने तर शिकाऊ असतानाही कधी पाडला नव्हता. शिंक आली तरी बेटा चालता चालता शिंकायचा.

या खेपेचं काम नाचाच्या वर्गाचं होतं. वर्ग चालवणाऱ्या बाई एकट्याच. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. रोज दुपारी त्या काम बघायला येत, दाराशी चपला काढत, "किती छान वास येतो हो लाकडाचा" म्हणत आणि परत जात. झालं, एवढंच. पण या एवढ्यावर भुसाशेठचा अख्खा दिवस निघायला लागला होता. तो सकाळी आरशात बघून भुवया झटकायला लागला, तेव्हाच ताईने ताडलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

आज घासायचा शेवटचा दिवस होता. उद्या पॉलिशवाले येणार, मग इथे यायला निमित्त उरणार नव्हतं. बोलायचं तर आजच, नाहीतर कधीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि सकाळपासूनच त्याची बोबडी वळली होती.

दुपारी म्हैस शेवटचा हात मारत दाराकडे निघाली होती, तेवढ्यात बाई आत आल्या. एरवी अंबाडा असायचा. आज केस नुकते धुतलेले, मोकळे. भुसाशेठ बघतच राहिला. नुसता बघत राहिला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं, पण पठ्ठ्या थांबला. मशीनचा आवाज बदललेला त्याच्या कानांवर आला आणि त्याने ते बंद केलं, तोवर व्हायचं ते होऊन बसलं होतं. बाईंना काहीच कळलं नाही. फोन वाजला म्हणून त्या बाहेर गेल्या.

ताई खेकडा बंद करून आली आणि खड्ड्यावर तळहात फिरवत म्हणाली, "हे कोणी केलं?"

"म्हशीने."

"आणि म्हशीला धरून कोण चाललं होतं?"

"चालत नव्हतो गं. तिथेच तर घोटाळा झाला."

ताईला हसू आवरेना. मग मात्र तिचा चेहरा उतरला. अशा जागीच नाचणाऱ्याचा पाय मुरगळतो. "सगळी खोली पुन्हा घासून खड्ड्याइतकी उतरवावी लागणार. दोन दिवस गेले बघ. बाईंना सांग, इथे लाकूड मऊ निघालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"लाकडावर कसं ढकलू? ते बिचारं गप पडून होतं."

बाई परत आल्या. भुसाशेठने हात पुसले, उगाचच पुन्हा पुसले. "बाई, इथे खड्डा पडलाय. माझ्या हातून. सगळी खोली घासून सपाट करून देतो, पण दोन दिवस जास्त लागतील."

बाईंनी पाय पुढे करून अंगठ्याने खड्डा चाचपला. "पडला कसा?"

"मशीन चालू असताना मी थांबलो."

"का थांबलात?"

ताई इस्त्रीचा पेपर बदलायला बसली. पेपर चांगला नवाकोरा होता.

"तुम्ही आलात म्हणून," तो म्हणाला. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर होऊन जाऊ दे, असं वाटून त्याने उरलेलंही सांगून टाकलं. "मला तुम्ही आवडता. काम संपलं की तुम्ही दिसणार नाही, या विचाराने मला दोन घास जात नाहीत. नंतरही येत जाऊ का? रागावणार असाल तर रागावा, खोली मी तरीही नीट करून देईन."

बाईंनी मान खाली घालून खड्ड्यात पुन्हा अंगठा फिरवला. त्यांचे कान लाल झाले होते, ते ताईने पाहिलं. भावाला कुठली शुद्ध.

"दोन दिवसांत होईल म्हणता?" बाईंनी विचारलं.

"होईल. रात्रीचा दिवस करीन."

"कशाला? एवढी घाई कसली आहे? चांगला आठवडा लावा."

भुसाशेठने वळून ताईकडे पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे हो म्हणाल्या, गाढवा," ताई म्हणाली.

बाईंनी काही तिला खोडून काढलं नाही.