आधी ती नळी काढा

ताईच्या पायाला त्या सकाळी भिंगरी लागली होती. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिची वीस वर्षं गेली, पण रक्तात जंतू वाढतात का हे पाहायला बाटल्या ठेवायच्या मशीनपुढे ती अशी दहादा जाऊन कधी उभी राहिली नव्हती. आज त्यातल्या एका बाटलीत तिच्या धाकट्या भावाचं रक्त होतं.

भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. आतडं फुटल्यामुळे त्याचं ऑपरेशन झालं, त्याला बारा दिवस झाले होते. पोट सावरलं, ताप मात्र हटेना. अँटिबायोटिक तीनदा बदलून झाली. तोंडानं खाणं बंद, सगळं पोषण मानेजवळच्या शिरेत घातलेल्या नळीतून. "ताई, तुम्ही तर त्यातल्याच. काय झालंय यांना?" असं भावजय रोज विचारायची आणि ताई रोज वेळ मारून न्यायची.

अकराच्या सुमारास मशीन वाजलं. त्या बाटलीत काहीतरी वाढत होतं. ताईनं हातमोजे चढवले, थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. नेहमीचे बारीक जंतू दिसतील असं वाटलं होतं. दिसले टपोरे, लांबट गोल, जांभळे दाणे. काहींना बाजूनं कोंब फुटलेले.

"मॅडम, जरा बघता का? माझ्या घरचं रक्त आहे, माझ्या डोळ्यांवर आज माझाच भरवसा नाही."

मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, पाहिलं. "बुरशी आहे. लगेच कळव."

आयसीयूतला तरुण डॉक्टर फोनवर म्हणाला, "रक्त घेताना कातडीवरची मिसळली असेल. उद्या पुन्हा पाठवतो."

"रक्तात बुरशी सापडली तर ती चुकून आली असं धरायचं नसतं, डॉक्टर. औषध आज सुरू करा. आणि आधी ती नळी काढा."

"तुम्ही बहीण म्हणून बोलताय की प्रयोगशाळेतून?"

"दोन्हीकडून!" तिचा आवाज चढला. मॅडमनी हातातून फोन घेतला आणि दोन मिनिटांत डॉक्टरांचा सूर बदलला.

ताई धावतच वर गेली. भावजयीला तिनं बाकावर बसवलं. "ही बुरशी तुझ्या-माझ्यासारख्या बहुतेकांच्या आतड्यात असते गं, गुपचूप. औषधांनी तिथले जंतू मेले, हिला रान मोकळं मिळालं. त्यात आतडं फाटलेलं. तिथून रक्तात शिरली आणि त्या नळीला चिकटून बसली. तिथे तिचा असा थर होतो की औषध आत पोचतच नाही."

दुपारी नळी निघाली. औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, भावजय चार घास नीट जेवली. ताईला मात्र चैन पडेना.

"त्याचे डोळे तपासून घ्या," तिनं भावाच्या खाटेपाशीच डॉक्टरांना गाठलं. "रक्त जिथे जातं तिथे ही जाते."

"ताई, तुझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाहीच," भाऊ हसला. "आता नखंही तपासायला सांग."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाहुल्या मोठ्या करून बराच वेळ पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर कापसाच्या कणांसारखे दोन पांढरे ठिपके होते. रक्तातली बुरशी मारणारं हे औषध डोळ्यात फारसं उतरत नाही, दुसरं द्यावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

भावाचं हसू मावळलं. "दोन दिवस झाले, डोळ्यापुढे काळे कण तरंगतायत. वाटलं, अशक्तपणा असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"तू घाबरली असतीस."

"गाढवा!" ती ओरडली आणि सगळ्यांदेखत रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

औषध दीड महिना चाललं. एक ठिपका विरघळला. दुसऱ्याचा व्रण राहिला, पण पडद्याच्या कडेला. मधली नजर वाचली. कडेची वस्तू त्या डोळ्याला आता जराशी पुसट दिसते.

औषध थांबल्यावरची तपासणी करून तिघं पायऱ्या उतरत होती. भावजयीनं हळूच विचारलं, "आता संपलं ना, ताई?"

"संपलं," ताई म्हणाली. दोघं चार पायऱ्या पुढे गेली, तोच तिनं भावजयीला हाक मारून थांबवलं. "पुढच्या महिन्यात डोळे दाखवायची तारीख घेतलीस का? नाही ना? थांबा इथेच, मी घेऊन येते."