कचऱ्याच्या पाळीची पाटी

सकाळी सव्वाआठला हामुरा-सानांचा फोन आला. सत्तरीच्या या बाई घरमालकीण, वर आळीच्या मंडळाच्या प्रमुख.

"कुवाबारा-सान, महिनाअखेरीला तुमचा माणूस परत न्या. आळीतल्या बायका घाबरल्यात."

"झालं काय?"

"रोज पहाटे कचऱ्याच्या जागेवर येऊन उभा राहतो. बोलत नाही, चालत नाही, लोकांच्या पिशव्यांकडे टक लावून बघतो. शहाण्या माणसाचं लक्षण आहे का हे?"

माझा माणूस म्हणजे ओकिनो-सान. वय त्रेसष्ट, त्यातली एकोणतीस वर्षं मनोरुग्णालयात गेलेली. आजार कधीच आटोक्यात आला होता, पण घरी न्यायला कुणी नव्हतं, म्हणून तिथेच राहिले. मी गावातल्या मानसिक आरोग्य केंद्रातली समाजसेविका. त्यांच्या खोलीसाठी अकरा घरमालकांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे बाराव्या हामुरा-सान हो म्हणाल्या. ही खोली गेली की पुन्हा वॉर्ड, आणि तिथून त्यांची फक्त राख बाहेर आली असती. मी ते होऊ देणार नव्हते.

तणतणत त्यांच्या खोलीवर गेले. ते गादीची घडी घालत होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"ओकिनो-सान, पहाटे तिथे काय करता?"

"शिकतो."

"काय?"

"कुठल्या वारी काय टाकायचं, बाटलीचं बूच कुठे, जाळी कशी पसरायची. माझी पाळी आली तर चुकायला नको." त्यांनी घडीवर उशी ठेवली. "पण ज्याची आठवड्याची पाळी त्याच्या दाराला लटकते, ती पाटी माझ्याकडे आलीच नाही. दोनदा फिरली. शेजारच्या बाईंनी माझं दार सोडून पलीकडच्या दाराला लटकवली. एकोणतीस वर्षं माझा कचरा दुसऱ्यांनीच टाकला, कुवाबारा-सान. इथेही तसंच असेल, तर वॉर्ड काय वाईट होता?"

मला तोंड वर करवेना. पाटी आपोआप पुढे गेली नव्हती. ते राहायला आले त्या दिवशी आम्ही शेजाऱ्यांना रीतीप्रमाणे टॉवेल वाटले, तेव्हा मीच हामुरा-सानांना कमरेत वाकून म्हटलं होतं, "यांना पाळीतून वगळा, आजारातून उठलेत." केवढी मी शहाणी! आमच्याकडे पाळीच्या यादीत नाव नसतं ते पाहुण्याचं, नाहीतर मेलेल्याचं.

तशीच हामुरा-सानांकडे गेले. "चूक माझी आहे. त्यांना पाळी द्या. येत्या सोमवारपासूनच."

"आणि घोळ घातला तर?"

"तर त्यांनाच बोला. मला फोन करू नका."

"भारीच तोरा आहे हो तुम्हाला!"

"आहे. तुमच्या आळीत येऊन येऊनच आलाय."

त्या हसल्या नाहीत. "एक आठवडा. बिघडलं, तर महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर."

तीन दिवस सुरळीत गेले. गुरुवारी सकाळी राहवेना, म्हणून मी गेले आणि कोपऱ्यावरच्या कुंपणाआड उभी राहिले. बघते तर काय, पिशव्यांवरच्या जाळीच्या एका टोकावर वीट ठेवायची राहिलेली! कावळ्यांनी डाव साधला होता. माशांची डोकी, चहाचा चोथा, सगळं रस्ताभर. ओकिनो-सान मधोमध उभे. तेवढ्यात झाडू घेऊन हामुरा-सान बाहेर आल्या. माझे पाय पुढे निघालेच होते. मी कुंपण घट्ट धरलं आणि स्वतःला दटावलं, खबरदार पुढे गेलीस तर.

"अहो ओकिनो-सान! डोळे कुठे होते? विटा चारी टोकांना ठेवायच्या, तीन नाही!"

"चुकलं," ते कानापर्यंत लाल होत म्हणाले आणि हातानेच मासे उचलायला लागले. वॉर्डात त्यांना असं कुणी कधी ओरडलं नव्हतं. तिथे काही चुकलं की फक्त कागदावर लिहायचे आणि गोळी वाढवायचे.

हामुरा-सानांनी झाडू त्यांच्या हातात कोंबला. "हाताने काय उचलताय? घ्या. आणि नीट शिकून घ्या आत्ताच. नोव्हेंबरात तुमची पाळी परत येईल, तेव्हा थंडीत मी ओरडायला बाहेर येणार नाही."

"नोव्हेंबरात," ओकिनो-सान म्हणाले आणि झाडायला लागले.

तेव्हा जून चालू होता, आणि महिनाअखेरीचं नाव हामुरा-सानांनी काढलं नव्हतं. मी पुढे गेले नाही, आल्या पावली केंद्रावर परतले.